डिकीचं झाकण

वीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. दरवर्षी फळ्यावर तेच समीकरण लिहायचे. एका बाजूला ॲल्युमिनियम, सोडियम हायड्रॉक्साइड आणि पाणी, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन, त्याच्यापुढे वर जाणारा बाण. मग परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी न्यायची. 'फट्' असा आवाज झाला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी व्हायची. आणि ह्या मे महिन्यात, इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर, मी बाबांच्या चेतक स्कूटरचं ॲल्युमिनियमचं हँडल जुना रंग काढायला माझ्या हातांनी कॉस्टिकच्या, म्हणजे त्याच सोडियम हायड्रॉक्साइडच्या, पिपात सोडलं.

पीप आधी सुरसुरलं, मग उकळायला लागलं. खाली जाळ नव्हता. तरी मला पाच-सात सेकंद उमजलं नाही की हे काय चाललंय. उलट 'वा, रंग भराभर सुटतोय' असंच वाटलं. मग एकदम फळा आठवला, बाण आठवला. चिमटा घेऊन हँडल बाहेर ओढलं तोवर त्याचा चेहरामोहरा गेला होता. काळंठिक्कर, वर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. आई गच्चीच्या दुसऱ्या टोकाला साबुदाण्याच्या पापड्या घालत होती. तिने तिथूनच विचारलं, "काय करून राहिलीस गं?"

"काही नाही," म्हटलं.

त्या पिपात आणखी एक वस्तू होती, ती मी त्या गडबडीत विसरलेच. हँडलचं दुःख नंतर ओसरलं. त्या दुसऱ्या वस्तूचं मात्र अजून ओसरलेलं नाही. पण ते क्रमाने सांगते.

चेतक बाजारात आली १९७२ मध्ये. बाबांनी १९७३ साली नंबर लावला आणि गाडी दारात आली १९८१ मध्ये. आठ वर्षं. त्या काळी दहा-दहा वर्षं थांबलेले लोक होते, त्यामुळे बाबा स्वतःला नशीबवान समजत. नंबर लावला तेव्हा ते सडेफटिंग होते. गाडी आली तेव्हा दादा पहिलीत होता आणि मी पुढे उभी राहून हेडलाइटवर हनुवटी टेकवता येईल एवढी. बाबा गेल्यावर ती अकरा वर्षं जिन्याखाली उभी होती. पुण्याहून दादा दर दिवाळीला म्हणायचा, "भंगारात दे ना आता." गेल्या वर्षी मी नोकरी सोडली, आणि रिकाम्या हातांना काहीतरी हवंच होतं.

छावणी भागातल्या एका जुन्या डेंटरकडे, गाड्यांचे पोचे काढणाऱ्याकडे, गेले. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणते. ते घरी आले, चहा घेतला आणि गाडीकडे न बघता आधी बोटाच्या पेराने तिला सगळीकडे टकटक करत फिरले. आंबेवाला आंबा दाबून बघतो तसं. कुठे 'टण्' वाजे, कुठे 'थप्'. 'थप्' वाजलं तिथे खिशातून लोहचुंबक काढून लावलं. चुंबक चिकटेना, घसरून खाली. "यहाँ लोहा कम, पुट्टी ज़्यादा," ते म्हणाले. आपण जिला लांबी म्हणतो ती. पोचा ठोकून सरळ करायचा कंटाळा आला की पेंटर लांबी भरतो, घासतो, वर रंग मारतो. वरून गुळगुळीत. पाच-सहा वर्षांनी आतून पाणी झिरपलं की तो तुकडा पोळीच्या पापुद्र्यासारखा उचलला जातो.

मग त्यांनी चिंधी थिनरमध्ये भिजवून मागच्या बाजूला घासली. चिंधीवर रंग उतरला. चंदेरी. "ड्यूको," उस्ताद म्हणाले. आपल्याकडे गाडीवर फवाऱ्याने मारलेला कुठलाही रंग ड्यूकोच. नाव खरं तर अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीचं, १९२३ सालचं, नायट्रोसेल्युलोजच्या झटपट वाळणाऱ्या रंगाचं. त्याच्या आधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागायचे, ह्याने काम तासांवर आणलं. कंपनी कुठे राहिली, छावणीत नाव राहिलं. ह्या जातीचा रंग थिनरला लगेच विरघळतो. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग थिनरला दाद देत नाही, कितीही घासा, चिंधी कोरीच. त्यामुळे ही चिंधी म्हणजे गाडीची पहिली उलटतपासणी. आमच्या गाडीत वरून खाली चंदेरी, मग मरून, मग साय रंग, आणि त्याखाली थेट रेड ऑक्साइड. भाजलेला रंग कुठेच लागेना. ह्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

उस्ताद म्हणाले, सांगाडा हातानेच उतरवावा लागेल. चेतकला वेगळी चौकट नसते. एक-दीड मिलिमीटरचा दाबलेला पत्रा, तोच सांगाडा आणि तोच देह. त्याच्या पोटात पोकळ्या, जोडांमध्ये फटी. असला डबा कॉस्टिकमध्ये बुडवला तर ते फटीत जाऊन बसतं, कितीही धुवा, पूर्ण निघत नाही. नवा रंग झाल्यावर सहा महिन्यांनी तिथून फोड येतात. सुटी, साधी, लोखंडी कामं तेवढी पिपात घालायची: मडगार्ड, बाजूची पॅनेलं, चाकाच्या रिमा.

वाळूचा मारा करून रंग उडवायचं मीच विचारलं होतं. सांवेर रोडला करून मिळतं, दोन तासांत पत्रा पांढरा. उस्तादांनी मान हलवली. पत्रा पातळ, मोठ्या सपाट जागेवर जोराचा मारा बसला की तो ताणला जातो आणि पोट काढतो, मग पुन्हा लांबी. माझं स्वतःचं कारण वेगळं होतं. आम्ही पाटीवर ज्या पेन्सिलीने लिहिलं ती मंदसौरची, इथून दोन-अडीचशे किलोमीटरवरची. ती पेन्सिल कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने तिथल्या कामगारांची फुप्फुसं दगड झाली. सिलिकोसिस शिकवताना मी दरवर्षी हेच उदाहरण द्यायचे, कारण ते आमच्या दप्तरातलं होतं. नदीची वाळू हवेच्या दाबाने पत्र्यावर फोडायची म्हणजे तीच धूळ. तोंडाला नुसता गमछा बांधून ते काम करणारी पोरं मी पाहिली आहेत. नको.

म्हणून सांगाड्याला पेंट रिमूव्हर. सियागंजच्या बाजारात डबा मिळाला. जेली असते, ब्रशने जाड थर द्यायचा, एकाच दिशेने एकदाच, आणि हात थांबवायचा. पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला की त्याची साय मोडते आणि आतलं औषध उडून जातं. हे औषध म्हणजे डायक्लोरोमिथेन. त्याचा रेणू इतका लहान की रंगाच्या थरातून आत शिरतो, रंग फुगतो, पत्र्यावरची पकड सोडतो. पाचेक मिनिटांत तापल्या दुधावर साय धरावी तशा सुरकुत्या पडतात आणि पत्तीने खरवडलं की लांब फिती निघतात. मन इतकं प्रसन्न होतं की काही विचारू नका. आयुष्यात एवढ्या सहजतेने सुटणाऱ्या गोष्टी थोड्या.

पण हे द्रव्य चाळीस अंशांना उकळतं, आणि इंदूरचा मे महिना चाळिशीच्या वरच असतो. पहिल्या दिवशी मी दुपारी अकराला थर दिला तो नुसता वाळून पापड झाला, रंग जसाच्या तसा. मग पहाटे पाचला उठायला लागले. थर द्यायचा, वर जुनं प्लॅस्टिक पसरायचं, चहा करायचा, येऊन खरवडायचं, नऊच्या आत आवरायचं. वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते, आणि शरीरात गेली की तिचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद न्हाणीघरात हे काम करताना माणसं गेली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती रंग काढायला ह्याची विक्री बंद केली. इथे सियागंजमध्ये डब्याबरोबर सुट्टे पैसे नव्हते म्हणून एक चॉकलेट देतात. मी गच्चीवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून केलं. निळे रबरी हातमोजे घातले होते ते दहा मिनिटांत फुगून आंबोळीसारखे झाले. ह्या औषधाला ते चालत नाहीत, हेही मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं ह्यांत बरंच अंतर आहे, हे ह्या महिन्यात चांगलंच कळलं.

कोरडं घासायचं नाही, हा आईचा हुकूम, पापड्यांसाठी. माझा हुकूमही तोच होता, शिशासाठी. घरातल्या रंगांत शिसं किती चालेल ह्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, दहा लाख भागांत नव्वद. त्याच्या आधीच्या रंगांत काय काय असेल ते देवच जाणे, आणि गाडीच्या रंगाला तर तो नियमही नाही. म्हणून वॉटर पेपर, बादली, ओला हात. जळता दिवा लावून रंग फुलवणं तर अजिबात नाही, कारण शिसं धुरातून थेट नाकात.

आता पीप.

कॉस्टिकच्या बाबतीत मी फार आत्मविश्वासात होते. उस्ताद म्हणाले होते, "मेरे यहाँ भेज दो दीदी." मी म्हटलं, माझा तो विषय आहे. अर्धं कापलेलं लोखंडी पीप आणलं, पाण्यात कॉस्टिकचे पापुद्रे हळूहळू सोडले. पापुद्र्यांवर पाणी नाही, पाण्यात पापुद्रे, हे बरोबर केलं. पाणी आपोआप तापलं. चष्मा, लांब बाह्या, शेजारी स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्या. सगळं शाळेच्या प्रयोगशाळेसारखं. मडगार्ड तासाभरात उघडं पडलं. जुन्या रंगात तेल असतं, कॉस्टिक त्या तेलाचा साबण करतं. आजी उरलेल्या तेलाचा साबण करायची तीच क्रिया. म्हणून बाहेर काढलेलं मडगार्ड बुळबुळीत लागतं आणि रंग गाळासारखा ओघळतो. ते पाहून मला चेव आला. पॅनेलं, रिमा, स्टँड, पेडल, आणि मग हाताशी जे लागेल ते. हँडलवरचा रंग जाड होता, त्यामुळे खालचा धातू कुठला हे दिसत नव्हतं. उचललं तेव्हा हलकं लागलं होतं. हलकं लागलं, तरी टाकलं.

आणि डिकीचं झाकण.

हँडलचं प्रकरण निस्तरून, पीप रिकामं करून, सगळी कामं धुऊन, पुसून, त्यांना लगेच प्रायमर मारला. उघड्या लोखंडाला रात्रभर तसं ठेवता येत नाही. एकदा नुसता हात लागला तर सकाळी बोटांच्या ठशांनी गंज धरलेला असतो, घामातल्या मिठाने. प्रायमर म्हणजे रेड ऑक्साइड. दिसायला शेंदूर, पण तो शेंदूर नव्हे. रेड ऑक्साइड हा गेरूचा भाऊ, लोखंडाचाच. शेंदूर शिशाचा. पूर्वी पुलांना आणि जहाजांना लावायचे तो लाल प्रायमर मात्र खरोखरचा शेंदूर असे, आपल्या इंदूरच्या बडा गणपतीच्या अंगावरचा. म्हणजे मारुतीला आणि रेल्वेच्या पुलाला एकच लेप.

संध्याकाळी उस्ताद आले. हँडल बघून काही बोलले नाहीत, ते फार लागलं. दुसरं जुनं हँडल शोधून देतो म्हणाले. मग वहीत लिहायला पेन काढलं. "रंग कौन-सा?"

"ओरिजिनल."

"वो कौन-सा था?"

आणि मला डिकीचं झाकण आठवलं. स्क्रू काढताना त्याची आतली बाजू दिसली होती. तिथे चंदेरी नव्हता, मरून नव्हता, साय रंगही नव्हता. कुठल्याही पेंटरने झाकण उघडून आत फवारा मारायची तसदी घेतली नव्हती. तिथे कारखान्यातला, भाजलेला, १९८१ चा रंग होता. अख्ख्या गाडीवर तेवढाच तळहाताएवढा. मी त्याचा फोटोही काढला होता, कुठला स्क्रू कुठे हे लक्षात राहावं म्हणून, जिन्याखालच्या पिवळ्या दिव्यात. फोटोत तो चिखलासारखा दिसतो. रंग स्वतः गच्चीच्या मोरीतून केव्हाच वाहून गेला होता.

सांगाडा पुन्हा धुंडाळला. पेट्रोलच्या टाकीखाली, टेल लाइटच्या रबरामागे, पायाखालच्या पट्ट्यांखाली. सगळीकडे रेड ऑक्साइड. पहिल्यांदा ज्याने गाडी पुन्हा रंगवली तो पेंटर इमानदार निघाला, त्याने सगळं पार पत्र्यापर्यंत उतरवलं होतं. अशा वेळी माणसाच्या इमानदारीचाही राग येतो.

मग सुरू झाली साक्षीपुराव्यांची जत्रा. आई म्हणाली, निळी. आकाशी नाही, गडद नाही, "माझ्या त्या इरकलीच्या काठासारखी." इरकल केव्हाच बोहारणीला गेलेली. नानाकाका म्हणाले, "छे गं, हिरवट होती. मी शिकलो ना तिच्यावर." दादा व्हिडिओ कॉलवर ठामपणे म्हणाला, पांढरी. तो साय रंग सांगत होता, त्याच्या आठवणी तिथूनच सुरू होतात. आरसी बुक काढलं. रंगाच्या रकान्यात कुठल्याशा कारकुनाने घाईघाईत लिहिलं होतं, 'ग्रे'. जुने फोटो होते, पण कृष्णधवल. एक रंगीत होता, तो लालसर पडलेला, त्यात बाबांचा पांढरा सदराही गुलाबी दिसतो.

२०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर काढले, तेव्हा आतून देवीचं जुनं रूप दिसलं. तेव्हा आई टीव्हीसमोर हात जोडून बसली होती आणि मी तिला शिशाविषयी व्याख्यान देत होते. आता वाटतं, व्याख्यान न देता नीट बघायला हवं होतं. ती माणसं थर काढण्याआधी काय करतात, कुठे थांबतात, काय टिपून ठेवतात. उस्तादांनीही नंतर दाखवलं. नखाएवढ्या जागेवर वॉटर पेपर गोल गोल फिरवायचा, मधून कडेकडे, की थर वलयांसारखे उघडे पडतात, कांद्याच्या चकतीसारखे. पाच मिनिटांचं काम. मला खरवडण्यातली मजा हवी होती, ती मी घेतली.

आठवडाभराने आईला पापड्या झाकायला जुनं धोतर हवं होतं. माळ्यावर चढले. धोतर मिळालं नाही. ट्रंकेमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड, फुगीर होतं. ओढलं तर सुतळी कुजून तुटली. 'नई दुनिया', १९८७ चा अंक. आत चेतकचं बाजूचं पॅनेल, इंजिनच्या बाजूचं. मधोमध हात मावेल एवढा पोचा, त्यावर आडवा ओरखडा. आणि रंग. भाजलेला, गुळगुळीत, थिनरच्या चिंधीला दाद न देणारा.

मी ते खाली आणलं. आईने पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

आम्हाला लहानपणी सांगितलं होतं की गाडी स्टँडवरून पडली. खरी गोष्ट अशी की दोघं आत्याकडे जातो सांगून सिनेमाला गेले होते. परतताना राजवाड्याच्या वळणावर टांग्याचं चाक घासलं. दोघांना खरचटलंसुद्धा नाही, पण पोचा आजीला दिसला असता आणि आत्याचं घर राजवाड्याच्या वाटेवर नव्हतं. बाबांनी गाडी गॅरेजला लावली. नवं पॅनेल आलं ते नुसतं प्रायमरचं, रंग जुळेना. मग अख्खी गाडीच साय रंगात रंगवून टाकली आणि आजीला सांगितलं, जुना रंग उडाला होता. सहा वर्षांत! आजीने विश्वास ठेवला की नाही हे आईला आजही माहीत नाही. पोचलेलं पॅनेल टाकवेना, महागाचं लोखंड, म्हणून माळ्यावर गेलं.

"पण हा नव्हे," आई एकदम म्हणाली.

"काय नव्हे?"

"रंग. हा हिरवट आहे. आपली निळी होती."

नानाकाकांना फोटो पाठवला. त्यांचं लगेच उत्तर: सांगत होतो ना. आई दिवसभर त्यांच्यावर रुसली. मला मात्र पॅनेल हातात घेऊन बसल्यावर एक गोष्ट आठवली, आणि ह्या वेळी वेळेवर आठवली. ज्या रंगात तेलापासून केलेली अल्किडची राळ असते तो अंधारात पिवळट पडतो. उन्हात रंग उडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण उजेडच मिळाला नाही तरी तो बदलतो. इतकी वर्षं कागदात गुंडाळून अंधाऱ्या माळ्यावर. करड्या निळ्यावर पिवळी झाक चढली तर काय दिसेल? हिरवट. म्हणजे नानाकाका त्यांच्या आठवणीतून बोलत होते की काय ते मला सांगता येणार नाही, पण हे पॅनेल त्यांची साक्ष होऊ शकत नव्हतं.

ही पिवळी झाक उजेडात ठेवली की बऱ्याच अंशी परतते.

तेव्हापासून पॅनेल गच्चीवर आहे. अर्ध्यावर मी पुठ्ठा बांधला आहे, फरक दिसावा म्हणून. उस्तादांनी रंगाचा डबा अजून घोटवलेला नाही, "जब दीदी बोले" म्हणतात. दादाने विचारलं, किती दिवस चालणार हे. पश्चिमेला दुपारी ढग यायला लागले आहेत, पाऊस पंधरा दिवसांवर. प्रायमरवर जास्त दिवस सांगाडा ठेवून चालणार नाही, प्रायमर पाणी पितो.

आई सकाळी पापड्या उलटायला जाते. उलटून झाल्या की पॅनेलपाशी वाकते, पुठ्ठा उचलते, दोन्ही बाजू बघते, पुन्हा ठेवते. काल चौथा दिवस होता. बराच वेळ वाकून होती. मी जिन्यातून विचारलं, "काय म्हणतोय?"

"येतोय," ती म्हणाली. "पण अजून काठासारखा नाही."